सास्तूरचे शहाजिंदे सर

फ. म. शहाजिंदे आमच्याच जिल्ह्यातले, सास्तूरचे. जळकोटात बसून मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला याचा मोठा आधार वाटतो. त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नाव 'निधर्मी'. कविता मराठीत, कादंबरीही मराठीतच. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष सरच होते.

तरीही "तुमची मराठी इतकी चांगली कशी?" हा प्रश्न आम्हाला आजही चुकत नाही. आमच्या घरात दखनी, शेतात आणि बाजारात मराठी. दोन्ही आमच्याच. सरांनी मराठी कुणाकडून उसनी आणली नव्हती. मग माझ्या लेकरांनी तिचा हिशोब कुणाला का द्यावा?