सोन्याच्या गावातील परवाना

अर्धापूरच्या केळीच्या बागा आणि कालव्याला येणारे पैनगंगेचे पाणी, हेच ज्यांचे वैभव, त्या आम्हा उभयतांना सोन्याच्या खाणीचे गाव पाहण्याचा योग उतारवयात आला. लेक आणि जावई मेलबर्नला नोकरी करतात. त्यांच्याकडे गेलो असता एका शनिवारी जावईबापूंनी आम्हांला सुमारे ११० किलोमीटर दूर असलेल्या बॅलरॅटला नेले.

१८५१ च्या ऑगस्टमध्ये तेथे सोने सापडले आणि देशोदेशीची माणसे लोटली. त्या काळचे गाव ‘सॉव्हरिन हिल’ या नावाने पुन्हा उभारून १९७० साली लोकांस खुले करण्यात आले. कापडी तंबू, घोडागाड्या, लोहाराचा भाता, लाल डगलेवाले शिपाई. सारे नाटकच, पण मन लावून केलेले. ओढ्याकाठी पसरट थाळ्यात गाळ घेऊन तो पाण्यात हलवीत राहावयाचे. माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. नातवाला ते जमेना. आम्हां दोघांत रोळीने तांदळातले खडे काढण्याचा सराव एकीचाच. तिने थाळा हाती घेतला आणि चार फेऱ्यांत तीन पिवळे कण दाखविले! आपल्याकडे सराफांच्या दारची माती धुणारे झारेकरी याहून निराळे काय करीत? या ओढ्यात व्यवस्थापनच थोडे सोने टाकीत असते, हे कळल्यावरही नातवाचा आनंद ओसरला नाही.

आमचे लक्ष मात्र परवान्याच्या गोष्टीने वेधले. सोने सापडो वा न सापडो, खोदणाऱ्याने आरंभी महिन्याला ३० शिलिंग सरकारात भरावयाचे आणि तो कागद सतत अंगावर बाळगावयाचा. कागद नसला की शिपाई धरून नेत. १८५४ च्या ऑक्टोबरात तेथील कॅथॉलिक धर्मगुरू फादर पॅट्रिक स्मिथ यांच्या अपंग आर्मेनियन सेवकाला असेच पकडून दंड करण्यात आला. तो खोदकाम करीतच नव्हता! बहुतांशी आयरिश असलेले भाविक त्यामुळे खवळले.

पुढे युरेका येथे खोदणाऱ्यांनी लाकडी कोट उभारला. शनिवारी फादर स्मिथ त्या कोटात गेले आणि शस्त्रे ठेवून उद्या मिस्साला या, अशी त्यांनी आपल्या माणसांची विनवणी केली. ३ डिसेंबर १८५४, आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या पहाटेच सैन्याने हल्ला केला. खोदणाऱ्यांपैकी किमान २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांचे पुढारी पीटर लेलर यांचा एक हात कापावा लागला. हेच लेलर पुढे व्हिक्टोरियाच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. १८५५ साली जुना परवाना रद्द होऊन वर्षाला एका पौंडात खोदण्याचा हक्क आणि त्यासोबत मताधिकार मिळाला. त्याच वर्षी चिनी माणसांवर मात्र डोईमागे १० पौंडांचा कर बसला. तो चुकविण्यासाठी ते शेजारच्या वसाहतीत उतरून शेकडो किलोमीटर पायी येत. ज्यांनी परवान्याचा जाच सोसला, त्यांच्यापैकीही अनेकांना चिनी माणसे नकोशी होती, हे वाचून मन विषण्ण झाले.

जावईबापू हे सारे थबकून वाचीत होते. त्यांचाही कागद ठरावीक मुदतीचा; कायम वास्तव्याचा अर्ज दोन वर्षांपासून पडून आहे. त्यांनी तेथे घर घ्यावे म्हणून अर्धापूरचे रस्त्यालगतचे दोन एकर विकण्याचे आम्ही योजिले होते. त्या जमिनीला आता भाव आला आहे आणि आमच्याने केळीचे कष्ट होत नाहीत.

परतताना गाडीत लेक म्हणाली, “बाबा, आई, कागद हाती येईपर्यंत रान विकू नका. उद्या इथून निघा म्हणाले, तर आम्ही यावं कुठं?”

जावईबापू काही बोलले नाहीत. “नांदेडात येऊन राहा की,” एवढे आम्ही म्हणालो. पण तिने रान म्हटले होते. त्याच रात्री अर्धापूरला फोन करून मध्यस्थाला थांबावयास सांगितले. तो चिडला, भाव पुन्हा मिळणार नाही म्हणाला. यंदा त्या दोन एकरांत पुन्हा केळीच लावली आहे, बटाईने.