गाविलगडच्या बायका

मे महिन्यात आमचे यवतमाळ म्हणजे तापलेला तवा. म्हणून यंदा आम्ही तिघी जावा मुलांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. परतवाडा सोडून एस.टी. घाट चढू लागली आणि पदराने वारा घेणे आपोआप थांबले. सुमारे ३६०० फुटांची उंची ती! संध्याकाळी चक्क शाली काढाव्या लागल्या.

सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर हात टाकणाऱ्या कीचकाला भीमाने मारले नि इथल्या दरीत फेकले. त्यानंतर भीमकुंडात हात धुतले म्हणे. ही गोष्ट जो तो सांगतो आणि ऐकायला बरेही वाटते.

पण गाविलगडाची गोष्ट वेगळी. (गडावर चपला नकोत, बूट घाला; पाणी भरपूर न्या.) दिल्ली दरवाजावरचे कोरीवकाम बघत राहावे असे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने हा गड भोसल्यांकडून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याआधी गडावरच्या रजपूत घरांतल्या बायका-लेकींवर त्यांच्याच माणसांनी तलवार चालवली, अशी नोंद आहे. काही जखमी होऊन वाचल्याही.

अब्रूसाठी, म्हणतात. त्यांना कुणी विचारले होते का हो?

धाकटी जाऊ एकदम म्हणाली, "वहिनी, त्या वाचल्या त्यांचं पुढे काय झालं असेल?"

मुले तोफेवर चढायला पळाली होती. आम्ही तिघी तिथेच तटाच्या सावलीत बसून राहिलो. डब्यातल्या दशम्या कुणी काढल्याच नाहीत.