पायाशी उजेड

डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या जीप आणि इको व्हॅनच्या आतल्या छताला चिकटवलेली निळी-जांभळी एलईडी पट्टी अनेकांना दिखाऊ वाटते. मला वाटत नाही. वारली घरात लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. सजावटीला श्रीमंती लागते असे या मुलखाने कधी मानले नाही. मग दिवसभर गाडीतच जगणाऱ्याने आपली जागा उजळली, तर ती उधळपट्टी कशी? मला सलतो तो रंग आणि त्याची जागा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि अंधारात पाहणाऱ्या पेशी निळ्या उजेडाने चटकन दिपतात, तांबड्याने सर्वांत कमी. काचेवर निळे प्रतिबिंब पडले की पाड्याच्या रस्त्याकडेने चालणारा माणूस हरवतो. म्हणून पट्टी छताला नको, सीटखाली हवी, मंद, तांबूस.

वायरिंगला हात लावला की आग लागते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मीटरभर साधी पट्टी 12 व्होल्टवर साधारण पाच वॉट घेते, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही. जाळते ती फ्यूजशिवाय जोडलेली, पत्र्याच्या कडेला घासून सोललेली तार. छोटा फ्यूज बसवून पट्टी दाराच्या स्विचला जोडली, तर उतरताना म्हातारीला पायरी दिसते, सीटखालची पिशवी सापडते आणि दार लागताच चालकाला त्याचा अंधार परत मिळतो. चालकालाच ती रात्रभर पेटती हवी असेल, सोबतीसारखी, तर त्याला नको म्हणणे मला जड जाते.