कसाऱ्याच्या पायथ्याशी थांबलेली सुमो

मुंबई–आग्रा रस्त्याने शहापूर मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात. आटगाव, खर्डी, मग कसारा. इथून इगतपुरीपर्यंत सुमारे तीनशे मीटर उंची चढायची असते. १८६५ साली रेल्वे इगतपुरीला पोचली, तेव्हापासून आजपर्यंत या घाटात गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. चढच ३७ ला १ असा आहे. रेल्वेची ही तऱ्हा, तर तुमच्या-आमच्या जुन्या गाड्यांचे काय सांगावे? उन्हाळ्यात घाटाच्या तोंडाशी बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच.

दुसरे दृश्य डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायांचे. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातले कितीतरी पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत बसतात. अशा मुलखात गाडीसाठी पाणी मागायला पाय उचलत नाही. पण मागावे लागते.

गेल्या मे महिन्यात आम्ही कल्याणहून नाशिकला लग्नाला निघालो होतो. गाडी दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. टाटा सुमो, २००६ सालची. ही गाडी १९९४ साली आली आणि २०१९ साली बनायची थांबली. टाटांचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन ‘सुमो’ हे नाव झाले. जपानी पैलवानांशी त्याचा संबंध नाही, हे आमच्या पोरांना अजून पटत नाही. दाजी आठवडी बाजारात तयार कपडे विकतात. मागच्या बाकावर गाठोडी टाकायची आणि मुरबाड, शहापूर, वाडा असे बाजार करायचे. गाडी एक दिवस उभी राहिली की एक बाजार बुडाला.

आणि गाडी महिनाभर पाणी पीत होती. एका गॅरेजवाल्याने वरचा होस पाईप बदलला. दुसऱ्याने रेडिएटर काढून दुरुस्त केला. पैसे गेले, पाणी कमी व्हायचे राहिले नाही. गंमत अशी की गाडीखाली कधी थेंब दिसत नसे. त्यामुळे ‘इंजिनच पाणी खातंय, हेड खोला,’ असा तिसरा सल्ला मिळाला होता. हेड खोलणे म्हणजे दाजींचे दोन महिन्यांचे भांडवल.

खर्डी ओलांडली तोवर काटा वर चढला. कसाऱ्याजवळ तो एकाएकी खाली आला, तेव्हा अक्का म्हणाली, “उतरला बाई!” पण दाजींनी तिथेच गाडी कडेला घेतली. ते शहाणपण सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी त्याच्या खाली गेले की तो कोरडा पडतो आणि काटा खोटे बोलू लागतो. अशा वेळी गाडी पुढे रेटली की इंजिन जाम झालेच समजा.

झाकणाला दाजींनी हात लावला नाही. रेडिएटरचे झाकण नुसते बूच नसते, ते आतला दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की त्याच क्षणी उकळून तोंडावर येते. चेहरे आणि हात भाजलेले क्लीनर कुणीही पाहिले असतील. तासभर थांबावे, वरचा होस हाताला सोसेल इतका निवावा, मग झाकणावर जाड फडके ठेवून थोडे फिरवावे, फुसफुस थांबू द्यावी आणि मगच पुरते काढावे.

त्या तासात आम्ही पाणी शोधायला गेलो. कल्याणहून आणलेले दोन्ही कॅन रिकामे झाले होते. एका पाड्यावर एक आजी हंडा उतरवत होत्या. अक्काने सांगितले, गाडी बंद पडलीय. आजी म्हणाल्या, “न्या माय, पन अर्धा ठेवा. सांजंला सून येईस्तोवर तेवढंच हाय.” अर्धा हंडा आम्ही आणला. दाजींनी इंजिन चालू ठेवून तो धारेधारेने ओतला, कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जातो. पाणी ओतताना ते एक शब्द बोलले नाहीत.

आत्या आणि पोरे एस.टी.ने पुढे गेली. गाडी हलकी करून, सावकाश, दोनदा थांबत आम्ही घाट चढलो आणि घोटीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या टपरीपुढे उभे राहिलो.

मिस्त्रींनी आधी पाना उचललाच नाही. इंजिन निवू दिले. तेलाची पट्टी काढून बघितली. तेलात पाणी शिरले असते तर ते दुधाच्या चहासारखे दिसले असते. ते काळेच होते. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो का, रेडिएटरमध्ये बुडबुडे सुटतात का, हे विचारले. दोन्हीला नाही. “मग हेडचं नाव काढू नका,” ते म्हणाले. तेवढ्या एका वाक्याने दाजींच्या चेहऱ्यावर रक्त आले.

मग त्यांनी इंजिनचा पुढचा भाग पुसून कोरडा केला आणि खडू घेतला. शाळेचा खडू! होसचे सांधे, थर्मोस्टॅटचे घर, वॉटर पंपाची खालची बाजू, सगळीकडे खडू घासला. झाकणाच्या जागी हातपंप लावून आत दाब भरला. पंपाच्या पोटाखाली एक छोटे भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. त्या भोकाखाली खडूवर ओली रेघ उमटली. मिस्त्रींनी पट्टा सैल करून पंपाची पुली हलवली, ती डुगडुगली. सील आणि बेअरिंग दोन्ही गेले होते.

मग जमिनीवर थेंब का पडत नव्हता? उभ्या गाडीत दाब नसतो, तेव्हा सील तग धरते. गाडी पळू लागली, पाणी तापले, दाब वाढला की थेंब सुटतो. पंखा तो मागे फेकतो आणि तापलेल्या इंजिनावर तो वाफ होऊन जातो. राहतो फक्त गंजाचा नि क्षाराचा पांढरट-तांबूस डाग. हा डाग दोन्ही गॅरेजवाल्यांनी पाहिलेला असणार. कमी पैशाचे काम आधी करून बघू, ही वृत्ती मला समजते. पण न तपासता केलेले स्वस्त काम दोनदा केले की महागच पडते.

दाजींनी हळदीची गोष्ट काढली. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की गळती बुजते, हे आपल्याकडे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत. मिस्त्री हसले. बारीक छिद्राला ती घरापर्यंत पोचवते, पण तोच गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पंपाच्या सीलला तिचा काडीचाही उपयोग नाही.

नवा पंप नाशिकहून येईपर्यंत दुपार कलली. जुने पॅकिंग खरवडून काढताना त्यांनी फार जपले. धातूवर ओरखडा राहिला तर नवे पॅकिंगही गळते. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. आधीचे पाणी घमेल्यात धरले होते, ते गंजून तांबडे झाले होते. नुसते पाणी वापरले की असेच होते. आता निम्मे कुलंट, निम्मे शुद्ध पाणी भरले. कुलंटचा डबा मात्र त्यांनी लगेच झाकून वर ठेवला. ते चवीला गोड आणि विषारी असते. रस्त्यावरचे कुत्रे, शेळ्या चाटतात आणि मरतात. घरात लहान मूल असेल तर अधिकच जपायला हवे.

झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली, पुन्हा भरले. वरचा होस गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. हवा राहिली तर नवा पंप असूनही गाडी तापते. मिस्त्रींनी बजावले, “उद्या सकाळी गाडी गार असताना झाकण उघडून बघा. पानी हाय तिथंच असलं तर माझं काम झालं.”

हळद लागून गेली होती, लग्न मात्र मिळाले. सकाळी मांडवाच्या मागे दाजी झाकण उघडून वाकले होते. पाणी गळ्याशी होते.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. जवळजवळ ८ किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगर पार होतो. परतताना मी म्हटले, तिकडून जाऊ. दाजी जुन्या रस्त्यानेच आले. कसाऱ्याखाली त्या पाड्याशी गाडी थांबवली आणि नाशिकहून भरून आणलेले दोन्ही कॅन आजींच्या दारात उतरवले. आजी घरी नव्हत्या. सुनेने कॅन रिकामे करून परत दिले.