मावशी, ती बाटली उघडू नकोस



दादाने अमेरिकेहून सेलेनियमच्या गोळ्या पाठवल्या आणि सोबत ‘सेलेनियम कमी असलेल्या बायका लवकर जातात’ असा मेसेजही, हे आईकडून कळलं. केमो चालू असलेल्या माणसाला असं लिहावं का, यावरून मी त्याच्याशी भांडेनच. पण ज्या संशोधनावरून तो बोलतोय ते खरं आहे, म्हणून नीट सांगते.

दक्षिण स्वीडनमधल्या १,९९६ रुग्णांचं रक्त स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हाच तपासलं होतं. नुसतं सेलेनियम नाही. ते वाहून नेणारं प्रथिन आणि त्याच्या जोरावर चालणारं एक विकरही मोजलं. तिन्ही कमी भरलेल्या बायकांत पुढे मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. हे २०२१मध्ये छापून आलं. गोम अशी, की शरीरात दाह असला की यकृत ते प्रथिनच कमी बनवतं. म्हणजे आजार जोरात होता म्हणून सेलेनियम घटलं, असंही असू शकतं. शिवाय स्वीडनच्या मातीतच ते कमी. आपल्याकडे पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या काही शेतांत ते इतकं जास्त, की तिथला चारा खाऊन गुरांचे खूर बिघडतात. तुझं रक्त न तपासता तुला ते कमी आहे हे दादाने ठरवलं कसं?

आणि कमी असलं तर धोका, म्हणून जास्त घेतलं की फायदा, असं थोडंच आहे! प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का हे पाहायला अमेरिकेत पस्तीस हजारांवर पुरुषांना घेऊन सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. फायदा दिसेना, म्हणून २००८मध्ये गोळ्या थांबवल्या. सेलेनियम अती झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. तुझं केमोने तेच चाललंय. कशाने काय झालं, कळणार कसं?

थकवा येतो म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेली लोहाची गोळीही तूर्त राहू दे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात केमो घेणाऱ्या १,१३४ रुग्णांना कोणत्या जादा गोळ्या घेता ते विचारलं होतं. लोह आणि बी-१२ घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. गोळीमुळेच उलटला, हे यातून सिद्ध होत नाही. दादाला लावलेला नियम मलाही लागू. हिमोग्लोबिन, फेरिटिन पाहून डॉक्टरांनी लिहून दिलं तर मुकाट्याने घे. उद्या लेट्रोझोल सुरू झालं आणि सोबत कॅल्शियम आलं, तर तेही चुकवू नकोस. त्या औषधाने हाडं विरळ होतात.

अंडं, बांगडा जातोय तोवर खा. सेलेनियम त्यांतही असतं.

बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. पुढच्या डोसला मी येतेच आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवू. दादाला फोन मी करते.

तुझी भाची