ऋणनिर्देशाचं पान

श्रीवर्धन,
मृगाचा पहिला आठवडा

चि. बयोस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पान मिळालं. प्रबंध इंग्रजीत असला तरी ऋणनिर्देश मराठीतच लिहायचा, हा तुझा हट्ट आत्याला फार आवडला. शुद्धलेखन तपासून दे, एवढंच तू मागितलं होतंस. लाल पेन घेऊन ती पडवीत बसली आणि शेवटच्या ओळीवर तिचा हात थांबला. मार्गदर्शक, विभागप्रमुख, समितीचे सदस्य, संख्याशास्त्राचे सर, वसतिगृहातल्या मैत्रिणी, आई-बाबा, टायपिंग करून देणारा मुलगा, सगळे नावानिशी आले आहेत. आणि मग ‘प्रक्षेत्रावरिल सर्व कर्मचारी व मजूर’. एका पोत्यात भरून तोंड शिवून टाकल्यासारखे.

बयो, गेल्या गणपतीत हातातला मोदक तसाच धरून अर्धा तास तू कोणाबद्दल बोलत होतीस? पनवेलच्या खारजमिनीतल्या तुझ्या वाफ्यांचा बांध खेकड्यांनी पोखरला होता. उधाणाच्या रात्री प्रक्षेत्रावरचे ते काका बॅटरी घेऊन बांधावर गेले, बीळ शोधलं, चिखल ठेचून भरला. नाहीतर तुझं वर्ष खाडीच्या पाण्यात गेलं असतं. हे तूच सांगितलंस. त्यांचं नाव आत्याने तेव्हाही विचारलं होतं, तर म्हणालीस, “सगळे त्यांना काकाच म्हणतात.” दोन हंगाम ज्यांच्या डब्यातली भाकरी खाल्लीस त्यांचं नाव तुला ठाऊक नाही, हे बरं नव्हे.

दोष एकट्या तुझा नाही, ही पद्धतच पडून गेली आहे. कृषी विद्यापीठ म्हटलं की लोकांना पदवीदान, शिवारफेरी आणि नव्या वाणाची बातमी दिसते. दापोलीचं विद्यापीठ 18 मे 1972 ला स्थापन झालं, पण कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासूनचं. विद्यापीठाची पाटी लागण्याआधी तिथे अर्धं शतक लोक चिखलात उभे होते. ते काय करत होते, हे तू पाठ्यपुस्तकातून शिकलीस. आत्या ते आपल्या दादांचं, तुझ्या आजोबांचं, बोट धरून पाहत आली, म्हणून तिला जरा सविस्तर सांगू दे.

भाताचा संकर म्हणजे काय? आदल्या संध्याकाळी लोंबीतल्या एकेका फुलाचं टोक कात्रीने छाटायचं आणि आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे. एक जरी राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि पुढची सगळी मेहनत खोटी ठरते. मग पिशवी चढवायची, चिठ्ठी बांधायची. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर फुलं उमलतात तेव्हा दुसऱ्या वाणाची लोंबी वर धरून झटकायची. पराग काही मिनिटंच जिवंत असतो, त्यामुळे तेवढ्या वेळात चहा-तंबाखू काही नाही. संकर कोणाचा कोणाशी करायचा हे पैदासकार ठरवतो, त्याचं ज्ञान मोठं आहेच. पण वाकलेली पाठ आणि न थरथरणारी बोटं पुष्कळदा दुसऱ्या कोणाची असतात.

‘सह्याद्री’ हा संकरित भात कर्जतहून 1998 मध्ये आला. त्याचं बी करताना नर आणि मादी वाण वेगवेगळ्या दिवशी पेरावे लागतात, म्हणजे फुलोरा एका वेळी येतो. फुलं उघडली की दोघे जण दोन टोकांना दोर धरून पिकावरून ओढत जातात. परागाचा धुरळा उठतो आणि मादीच्या ओळींवर बसतो. साधारण अर्ध्या तासाने पुन्हा. दिवसातून तीन-चार फेऱ्या, असे सात ते दहा दिवस. शिवाय भेसळ काढणाऱ्या बाया. हजार रोपांत एकाचं पान जरा रुंद, एकाची लोंबी दोन दिवस आधी निसवलेली. चालता चालता त्यांना ते रोप दिसतं आणि त्या उपटतात. ती नजर कुठल्या अभ्यासक्रमात नाही. बियाण्याची शुद्धता मात्र तिच्यावरच उभी असते.

तुझ्या खारभाताचंच बघ. आपल्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी खार सोसणारा लालसर दाण्याचा ‘राता’ पिढ्यान्‌पिढ्या जपला. त्यातून निवडलेल्या ‘भुरा राता 4-10’ चा संकर फिलिपिन्सच्या ‘आयआर-8’शी झाला आणि ‘पनवेल-1’ हाती आला. आयआर-8 चं मूळ नाव आयआर-8-288-3, म्हणजे आठव्या संकरातल्या 288व्या ओळीतलं तिसरं रोप. बघ, रोपाची जागासुद्धा नावात जपली गेली! ती ओळ लावणाऱ्या हातांना मात्र आकडाही मिळाला नाही. आत्याला हे कित्येक वर्षं खुपतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ठाऊक आहेत ना? दीड एकराचा शेतकरी. 1983 मध्ये ‘पटेल-3’ च्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून ‘एचएमटी’ तांदूळ आला. तो घराघरांत पोचला, पण श्रेयासाठी त्यांना आयुष्यभर झगडावं लागलं. 3 जून 2018 ला ते गेले. त्यांचं नाव निदान आपल्याला माहीत आहे.

3 जून म्हटलं की आपल्या घरात कोणी बोलत नाही. 2020 चा तो दिवस, निसर्ग वादळ, आणि दुपारनंतर मागच्या दारातून थेट समुद्र दिसायला लागला होता, कारण मध्ये एक पोफळ उभी नव्हती. तू आत्याच्या पदराला घट्ट धरून होतीस. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, सगळीकडे तेच.

त्यानंतर लोकांना रोपं हवी होती. रोप काय कारखान्यातून येतं? रोठा सुपारीचं बियाणं दादा कसं निवडत, ते त्यांनी तुला दाखवलं होतं, आठवतं? आधी झाड निवडायचं, लवकर धरलेलं, जवळ जवळ पेरांचं, आणि त्याच्या बुंध्याला खूण करायची. मग पिकलेली फळं पाण्यात टाकायची. जी टोपीकडची बाजू वर करून उभी तरंगतात, ती घ्यायची. टोपी वर ठेवूनच वाळूत लावायची. दीड महिन्याने कोंब, वर्ष-दीड वर्षाने जमिनीत लावण्याजोगं रोप आणि पुढे पाच ते सात वर्षांनी पहिलं फळ. सुपारी संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेतलं रोप कोणी घरी नेतो तेव्हा त्याच्या हातात कोणाची तरी दहा वर्षांपूर्वीची खूण, कोणाचा तरी पाण्यात बुडालेला हात असतो. दादांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम सुतळी आणि शिसपेन्सिल असायची. पेन का नाही, असं आत्याने लहानपणी विचारलं होतं. शाई पावसात पसरते, पेन्सिल राहते, म्हणाले.

आता जे सांगायचं ते काळजीचं. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांतल्या रिक्त जागांबद्दल वर्षानुवर्षं छापून येतं. लोकांच्या डोळ्यांपुढे प्राध्यापकांच्या खुर्च्या येतात. पण माळी, पंपावरचा माणूस, प्रयोगशाळेतला परिचर, सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघणारा हेही निवृत्त होतात, आणि निरोपाचा नारळ घेऊन जाताना सगळं सोबत नेतात. कुठल्या वाफ्यात फेब्रुवारीत खार आधी फुलतो, कुठली उघाडी भरतीला अडकते, हे नोंदवहीत नसतं. तुझे काका निवृत्त होतील त्या वर्षी उधाण आलं तर बांधावर कोण जाईल? नवीन पोराला बीळ शोधायला कोण शिकवेल? रात्री पावसाचा आवाज वाढला की आत्याच्या डोक्यात हेच येतं. तू म्हणशील, माझ्या एका ओळीवरून आत्या कुठे पोचली. पोचली खरी.

तर आता शुद्धलेखन. ‘परिक्षण’ नव्हे, ‘परीक्षण’. ‘आशिर्वाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. ‘प्रक्षेत्रावरिल’ मधली रि दीर्घ, ‘प्रक्षेत्रावरील’. आणि त्या शब्दापुढची ओळ आत्याने खोडली आहे, राग मानू नकोस. जागा मोकळी सोडली आहे. बांधणीला द्यायच्या आत एकदा पनवेलला जा. काकांना पूर्ण नाव विचार, वडिलांच्या नावासकट, आणि ते स्वतः कसं लिहितात ते त्यांच्याच हातून कागदावर लिहून घे. भेसळ काढायला येणाऱ्या चौघींचंही तसंच. लिहिता येत नसेल तिला मोठ्याने म्हणायला सांग आणि नीट ऐक.

एका पानाची दोन झाली तर होऊ देत. मैत्रिणींची यादी थोडी कमी कर.

तुझी,
आत्या

ता. क. घाटात दरड कोसळल्याचं ऐकलं. एसटीने येणार असशील तर उजेडीच नीघ. आणि येताना दादांची ती जुनी वही घेऊन ये, तू नेलीस ती.