क्लीन करून बघ ना!

प्रोग्रामरच्या नशिबात दोन प्रकारच्या एरर असतात. एक म्हणजे रोज येणाऱ्या. आणि दुसऱ्या म्हणजे कुणाला दाखवायला बोलावलं की गायब होणाऱ्या.

आज या दुसऱ्या प्रकारातल्या एकीबद्दल लिहितोय. जावावाले तिला लगेच ओळखतील. इक्लिप्समध्ये प्रोग्राम रन करावा आणि कन्सोलवर लाल अक्षरांत उमटावं, 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन'. अमुक क्लास सापडला नाही. अरे, सापडला नाही म्हणजे काय? हा काय समोर एडिटरमध्ये उघडा आहे! कुठे लाल रेघ नाही, काही नाही. परत रन केलं तरी तेच. मग प्रोजेक्ट मेनूत जाऊन क्लीन मारायचं, चहा घेऊन यायचं, की सगळं सुरळीत. आणि संध्याकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

अशा वेळी ऑफिसात सल्ल्यांना तोटा नसतो. "क्लीन करून बघ ना." "इक्लिप्स बंद करून उघड." "वर्कस्पेसच नवा घे." गंमत म्हणजे हे उपाय बऱ्याचदा लागू पडतात, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. क्लीन म्हणजे आधी कंपाइल केलेल्या सगळ्या फाइली पुसून नव्याने बनवणं. त्यात बिघाड जातो, पण तो का झाला याचा पुरावाही जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोजेक्टवर ही एरर एकाच व्यक्तीच्या मागे लागली होती. नुकतीच कॉलेजातून आलेली मुलगी. बाकीच्यांना महिन्यातून एखाद वेळेस यायची, हिला दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, "तुझ्या मशीनचा काहीतरी प्रॉब्लेम आहे." मशीन बदलून झालं. मग म्हणायला लागले, "तुझंच काहीतरी चुकतंय." स्टँडअपला तिने "काल पुन्हा ती एरर..." म्हटलं की दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसायचे. प्रोबेशनचा रिव्ह्यू तोंडावर आलेला. हळूहळू तिने त्या एररचं नाव काढणंच बंद केलं. गुपचूप क्लीन करायची आणि उशिरापर्यंत बसायची.

एका शुक्रवारी दुपारी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. अट एकच: एरर आली की कशालाही हात लावायचा नाही.

ती येईपर्यंत आम्ही उजळणी केली. क्लास न सापडण्याच्या जावात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन' म्हणजे कुणीतरी चालू प्रोग्राममध्ये नाव घेऊन क्लास मागितला आणि क्लासलोडरला तो मिळाला नाही. 'नोक्लासडेफफाउंडएरर' म्हणजे कंपाइल करताना क्लास होता, चालवताना वापरता आला नाही. यातली दुसरी जास्त फसवी. क्लास जागेवर असतो, पण त्याचा स्टॅटिक ब्लॉक पहिल्यांदा चालताना कोसळलेला असतो. मग पुढच्या प्रत्येक वेळी जेव्हीएम नुसतं "क्लास इनिशियलाइज करता आला नाही" म्हणतं. खरं कारण लॉगमध्ये कुठेतरी वर, पहिल्या एररमध्ये दडलेलं असतं. (जावा १७ पासून मूळ कारणही सोबत छापलं जातं, तेवढं एक बरं झालं.)

साधारण तासाभराने एरर आली. क्लीन न करता थेट डिस्कवर गेलो. मेव्हनच्या प्रोजेक्टमध्ये कंपाइल झालेल्या फाइली 'टार्गेट' फोल्डरच्या आत 'क्लासेस'मध्ये जातात. तो फोल्डर उघडला तर रिकामा! दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा बघितलं, तर भरलेला. सगळ्या फाइलींवर वेळ आत्ताची. रन केलं, तर प्रोग्राम मस्त चालला.

शेजारच्या खिडकीत टर्मिनल उघडं होतं आणि त्यात मेव्हनचं 'क्लीन इन्स्टॉल' चाललेलं.

आता यात मेख काय, ते बघा. इक्लिप्स कंपाइल करायला जेडीकेचा 'जावाक' वापरत नाही. त्याचा स्वतःचा कंपायलर आहे. तुम्ही फाइल सेव्ह केली की तो तेवढी फाइल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइली कंपाइल करतो. बाकीच्या आधीच तयार आहेत असं धरून चालतो. आणि मेव्हन प्रोजेक्ट असेल तर तयार माल त्याच टार्गेट फोल्डरमध्ये ठेवतो. म्हणजे फोल्डर एक आणि त्यात लिहिणारे दोघं. एकाच ओट्यावर दोघांनी स्वयंपाक करावा तसं. एकाने कोथिंबीर चिरून ठेवली आणि तो फोडणीकडे वळला. दुसऱ्याने येऊन ओटा साफ पुसून घेतला. पहिला हात मागे करतो, तर कोथिंबीर नाही.

मेव्हन आधी फोल्डर पुसतं, मग भरतं. त्या मधल्या वेळात इक्लिप्समध्ये रन दाबलं तर क्लास सापडणार कसा? बरं, मेव्हन अर्ध्यात बंद पडलं तर फोल्डर तसाच रिकामा राहतो. बाहेरून कुणी फाइली उडवल्या हे रिफ्रेश केल्याशिवाय इक्लिप्सला कळेलच असं नाही. आणि 'जरा इकडे ये' म्हणून कुणाला बोलावलं, तर तो खुर्चीतून उठून येईपर्यंत मेव्हनने फोल्डर भरून ठेवलेला असतो. एरर गायब!

मग हे तिलाच का व्हायचं? तर टीमच्या विकीवर नियम लिहिला होता: कमिट करण्याआधी टर्मिनलवरून पूर्ण बिल्ड करा, सगळ्या टेस्ट चालवा. आठ जणांच्या टीममध्ये हा नियम रोज पाळणारी ती एकटीच होती. बाकीचे थेट इक्लिप्समधून कमिट करायचे. सगळ्यात शिस्तीने काम करणाऱ्या पोरीवर धांदरटपणाचा शिक्का बसत होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पॉम फाइलमध्ये एक प्रोफाइल घातला, जो फक्त इक्लिप्सच्या आतून चालताना लागू होतो आणि इक्लिप्सला वेगळा फोल्डर देतो. दोघांचे ओटे वेगळे. तो कमिट तिने स्वतःच्या नावाने केला आणि सोमवारच्या स्टँडअपला कारणासकट समजावून सांगितला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही. टॉमकॅटवर चालवताना जार इक्लिप्सच्या बिल्ड पाथमध्ये असते, पण डिप्लॉय होणाऱ्या 'लिब' फोल्डरमध्ये पोचतच नाही. कधी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या क्लासपाथवर असतात आणि आधी सापडेल ती लागते. अशा वेळी जेव्हीएमला 'व्हर्बोज क्लास' हा पर्याय द्या, म्हणजे कुठला क्लास कुठल्या जारमधून उचलला ते ओळीओळीने छापून येतं. आणि मंडळी, क्लीनचं बटण दाबण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा: पूर्ण स्टॅकट्रेस, ती क्लास फाइल डिस्कवर आहे का आणि कितीची आहे, आणि त्या क्षणी मशीनवर अजून काय काय चालू होतं. दोन मिनिटांचं काम आहे.

'कधीकधी येते' म्हणजे एरर लहरी आहे असं नव्हे. ती कशावर अवलंबून आहे ते आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण कारण सापडत नाही तोवर त्या रिकाम्या जागी माणूस बसवणं फार सोपं असतं, आणि बहुतेक वेळा तो टीममधला सगळ्यात नवा माणूस असतो.

असो. तुमच्याही टीममध्ये 'त्याच्याच मशीनवर होतं' असा कुणी असेल, तर सोमवारी जरा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. आणि क्लीन करू नका!